पटावर सातवा

चौथं बटण. वरची तीन डाव्या हातानं लागली होती, म्हणजे लागली असं आपलं म्हणायचं, तिसरं काजात अर्धंच गेलं होतं आणि उरलेलं अर्धं बाहेर उभं राहून आत जावं की नाही याचा विचार करत होतं — पण चौथं, संघाच्या जांभळ्या सदऱ्याचं, पोटाच्या जरा वर येणारं, ते काही केल्या ऐकत नव्हतं. पांढरं, चार भोकांचं, एका भोकातला दोरा निघालेला. अकरा वर्षं हा सदरा अंगात चढतोय आणि बटणाला भोकं चार आहेत हे आज कळतंय. उजवा हात धड असताना माणसाला फार कमी गोष्टी दिसतात, असं त्याच्या मनात आलं. वाक्य बरं जमलं म्हणून तो स्वतःवरच जरासा खूश झाला, आणि बटण सुटलं.

"द्या इकडे," बायको म्हणाली.

म्हणजे रागावली होती. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची आणि घरात अरे. घरातच अहो सुरू झालं की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.

"आज सांगणार आहात ना?"

"हो."

"मागच्या रविवारीही हो म्हणाला होतात."

"मागच्या रविवारी बाईंचं डोकं दुखत होतं."

"आणि त्याच्या आधीच्या?"

"तेव्हा आपण जिंकत होतो. म्हणजे... पहिली दहा मिनिटं."

तिनं बटण लावलं, तिसरं काढून पुन्हा लावलं, सदऱ्यावर तळहात फिरवला. "लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट सोडवत हिंडता. स्वतःचं तोंड तेवढं दोन मजल्यांच्या मध्ये अडकलंय."

तीन आठवड्यांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे फोटो उजेडावर धरला होता, त्यात पट्टी आणि आठ स्क्रू फार नीटनेटके दिसत होते, त्याच्या स्वतःच्या हाडांपेक्षा नीटनेटके — आणि ते म्हणाले होते, लिहा, जेवा, हळूहळू दाढी, बटणं, सगळं करा. फक्त चेंडू फेकणं आणि बॅट फिरवणं, ते आता नाही. या वर्षी नाही का, असं त्यानं विचारलं. त्यावर डॉक्टर हसले, वाईट अर्थानं नाही, मायेनंच हसले, आणि म्हणाले, आता नाही म्हणजे आता नाहीच.

तो लिफ्ट तपासनीस. पडला तोही कामावरच, लिफ्टच्या खड्ड्यात, लोखंडी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून. गंमत म्हणजे — ही गंमत त्यानं आजवर सगळ्यांना सांगितली होती, कारण आपण सांगितली नाही तर दुसरं कुणी सांगेल — खड्ड्यात उतरण्याआधी त्यानंच तक्त्यावर लिहिलं होतं: तिसरी पायरी सैल, धोकादायक. मग तक्ता काखेत धरून तो तिसऱ्या पायरीवर उभा राहिला. अहवाल अचूक निघाला. कचेरीतून फुलांचा गुच्छ आला आणि तिसऱ्या दिवशी कामाच्या फळ्यावरचं त्याचं नाव ओल्या बोळ्यानं पुसलं गेलं. कुणी दुष्टपणानं नाही, फळाच लहान होता. आता तो टेबलाशी बसून इतरांचे अहवाल वाचतो. इतर लोक सैल पायरीवर उभे राहत नाहीत, त्यामुळे वाचनात मजा नसते.

खाली दातांच्या डॉक्टरची गाडी आली आणि हॉर्न वाजला. रविवारच्या सॉफ्टबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हा दंतवैद्य. चेंडू टाकायच्या आधी फलंदाजाकडे असा बघतो, की त्यालाच आ करावासा वाटतो.

"खांदा काय म्हणतो?" डॉक्टरनं विचारलं. दर रविवारी विचारायचा.

"बसलाय शांत."

"पुढच्या वर्षी धमाल करायची मग."

हो, तो म्हणाला. बघा, किती सोपं असतं खोटं. तोंड मुळीच अडकत नाही. रस्त्याच्या कडेची बंद दुकानं मागे जात राहिली, मागच्या सीटवर हेल्मेटं एकमेकांवर आपटत राहिली, आणि त्याला मोसमातला पहिला रविवार आठवला. याच सीटवर, हात गळ्यात, मांडीवर हाच जांभळा सदरा धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घालून. परत द्यायला आणला होता. परत कशाला, कुणी मागितला होता का? पण फळ्यावरून पुसलं गेलेलं माणूस जरा शहाणं होतं, बोळा यायच्या आधी आपणच बाजूला सरकावं म्हणतं.

बाईंनी सदऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाई म्हणजे संघाच्या कॅप्टन. शाळेत भूगोल शिकवतात. अकरा वर्षांपूर्वी तो त्यांच्या शाळेची लिफ्ट तपासायला गेला होता, तेव्हा त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं होतं, रविवारी काय करता? तेव्हापासून रविवारी तो हेच करत आला. तर बाईंनी यादीचं कार्ड काढलं, दहा नावं खड्या आवाजात वाचली, आणि सातवं नाव त्याचं होतं.

"बाई, अहो, माझा हात..."

"दिसतोय. गैरहजर मांडीन. गैरहजर मांडणं वेगळं आणि पटावरून नाव कमी करणं वेगळं. वर्षाच्या सुरुवातीला पटावर घातलेलं नाव मी मध्येच काढत नाही. शाळेत तुमच्याहून वाईट पोरं सांभाळते."

नियम असा, की यादीतला खेळाडू बॅट घेऊन उभा राहू शकला नाही, तर त्याचा नंबर आला की आपोआप बाद. तीन बाद झाले की डाव संपतो. म्हणजे दर सामन्यात दोन-तीनदा, कुणी चेंडू न टाकता, कुणी काही न करता, समोरच्यांना एक बळी फुकट. क्षेत्ररक्षणाला दहाऐवजी नऊ जण, उजवीकडचं कुरण, म्हणजे मैदानाचा त्याचा कोपरा, मोकळं. हे सगळं कुणासाठी, तर अकरा वर्षांत ज्यानं एकदाच चेंडू कुंपणापार नेला आणि तोही चुकीच्या बाजूच्या कुंपणापार, अशा माणसासाठी.

आणि बदली खेळाडू नव्हता असंही नाही. बाईंचा जावई होता ना. सहा फूट उंच, मनगटं अशी की बॅट त्याच्या हातात पेन्सिलीसारखी दिसायची. राखीव म्हणून नोंदवलेला, सरावात चेंडू असा मारायचा की शोधायला दोघं जात. दुसऱ्या रविवारी डॉक्टरनं हळूच सुचवून पाहिलं. बाई म्हणाल्या, "जागा रिकामी नाही." जगात एवढ्या सासवा झाल्या, जावयाला बसवून ठेवायची छाती एकीचीही झाली नसेल. संघातल्या सगळ्यांना पोरांसारखं दटावणाऱ्या बाई जावयाला मात्र अहो-जाहो करत, जावईबापू म्हणत, आणि जावईबापू अख्खा मोसम बाकावर बसून धावांची वही लिहीत, थर्मासमधला चहा ओतत. बाक लहान, बसणारे दोघंच. एक, ज्याची जागा. आणि दुसरा, ज्याला ती मिळत नव्हती.

मैदानावर पोचले तेव्हा बाईंचं कार्ड लिहून झालं होतं. आजचा सामना जिंकला तर संघ शेवटून पहिला राहणार नव्हता. म्हणजे पुढच्या शनिवारी मोठ्या मैदानावर बाद फेरी, अकरा वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टर बोटं मोडत होता. आत्ताच, आत्ताच सांगून टाकावं... "बाई, जरा बोलायचं होतं."

"बोला."

"म्हणजे... आज वारा उजवीकडून आहे."

"भूगोल मला नका शिकवू," बाई म्हणाल्या आणि कार्ड पंचांना देऊन आल्या.

का नाही निघत ते वाक्य? आधी तो म्हणे, संघाला वाईट वाटेल. मग म्हणे, मोसम संपू दे. खरं काय ते त्याला ठाऊक होतं, फक्त तो त्याच्याकडे बघत नव्हता, जसं खड्ड्यात उतरताना आपण तिसऱ्या पायरीकडे बघितलं नाही. माझं नाव आता जगात एवढ्या एकाच कार्डावर राहिलंय. बिलांवर आहे, दारावर आहे, ते सोडा. पण कुणीतरी सकाळी उठून, विचार करून, स्वतःच्या अक्षरात, हा माणूस आपला आहे म्हणून लिहिलेलं — ते एवढंच. सांगितलं की बोळा.

पहिल्यांदा नंबर आला दुसऱ्या डावात. पंच निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांनी नेहमीप्रमाणे "सातवा!" अशी हाक मारली, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि नियमाप्रमाणे दहा सेकंद वाट पाहिली. मैदानावर कुणी काही बोलत नाही त्या दहा सेकंदांत. तो बाकावर बसून बुटांकडे बघतो. मग पंच म्हणतात, "बाद," आवाज खाली आणून, जसं काही तार वाचून दाखवतायत.

"चहा, काका?" जावई म्हणाला.

"अर्धा."

जावयानं चहा ओतला, कप त्याच्या डाव्या हातात दिला, कपाचा कान त्याच्या बाजूला करून. न सांगता. मग वहीत बघत म्हणाला, "काका, तो खालून दुसरा स्क्रू टोचतो का हो? जरा तिरका बसलाय तो."

मैदानात कुणीतरी धावलं, कुणीतरी ओरडलं.

"तुला... कसं माहीत?"

"फोटो आमच्याकडेच येतात ना. इस्पितळात तळघरात बसतो मी. खांदे, गुडघे, पाठी. दिवसभर दुसऱ्यांच्या आत बघायचं." तो लाजल्यासारखा हसला. "तुम्ही खोलीतून गेल्यावर स्क्रीनवर आला तो. नाव वाचलं, खालचा डॉक्टरांचा शेरा वाचला, म्हटलं, अरे, हे तर आपले काका."

"म्हणजे तीन आठवडे तुला..."

"हो."

"आणि बाईंना?"

"ते मी कसं सांगणार? तुमचा खांदा आहे." त्यानं वहीत एक बारीक रेघ ओढली. "आणि आई म्हणाल्यात ना, जागा रिकामी नाही. मग नाही."

एवढंच बोलून तो पुन्हा मैदानाकडे बघायला लागला. तीन रविवार. तीन रविवार हा इथे बसलाय, वीतभर अंतरावर, जणू खिशात माझी चिठ्ठी घेऊन, एक शब्द बोलला असता तर उठून बॅट हातात मिळाली असती — आणि हा कपाचा कान माझ्याकडे करतोय. चहा गरम होता. तो घोट घेऊन त्यानं वर पाहिलं तेव्हा पहिल्यांदाच त्याला दिसलं, की उजवीकडचं मोकळं कुरण तितकंसं मोकळं नव्हतं. मधला गडी दहा पावलं इकडे सरकून उभा होता, पहिल्या बेसवरचा थोडा मागे, त्याच्यामुळे दुसरा थोडा बाजूला, सगळा संघ सबंध मोसम एका बाजूला जरासा कललेला. भिंतीवरच्या तसबिरीसारखा. आणि तो बुटांकडे बघत होता. दहा सेकंद, दर वेळी, बुटांकडे.

शेवटचा डाव आला तेव्हा संघ एक धाव मागे होता. दोन बाद. आणि दंतवैद्यानं, सहाव्या नंबरवर, कुणालाच अपेक्षा नसताना, बहुधा त्यालाही नसताना, चेंडू दोघांच्या मधून काढला आणि दुसऱ्या बेसवर कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला. आरडाओरडा झाला आणि मग एकदम थांबला, कारण सगळ्यांनी एकाच वेळी मोजलं होतं.

"सातवा!" पंचांनी हाक मारली आणि घड्याळ वर नेलं.

संघात कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. बाई ढगांचा प्रकार ओळखत असल्यासारख्या आभाळाकडे बघत उभ्या होत्या. हरायला तयार होते हे लोक. शांतपणे, टोप्या सारख्या करत, दहा सेकंद मोजून हरायला तयार होते. एक... दोन... तो उठला. गुडघे वाजले.

"बाई, माझं नाव कमी करा."

"का?"

"हात परत येणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. तीन आठवडे झाले."

बाईंनी आभाळावरून नजर खाली आणली. त्याच्या खांद्याकडे नाही, तोंडाकडे पाहिलं, शाळेत पोराकडे बघतात तसं, खूप वेळ.

"गैरहजेरीचं कारण त्याच दिवशी कळवायचं असतं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. मग नेहमीचा केला. "पंच! बदली खेळाडू. जावईबापू, उठा."

पंच अजून घड्याळाकडेच बघत होते. त्यांच्या घड्याळात तेव्हा जेमतेम आठ सेकंद झाले होते. टपाल खात्यातला माणूस, वेळेच्या बाबतीत उदार.

तो सदऱ्याचं बटण चाचपत कुंपणाच्या दिशेला वळला.

"आणि तुम्ही कुठे निघालात?" मागून बाईंचा आवाज. "वही कोण लिहिणार? माझा मोसम अर्धवट राहील."

म्हणून तो परत बाकावर बसला, जावई बसायचा त्या बाजूला. लाकूड अजून ऊबदार होतं. वही मांडीवर, पेन्सिल उजव्या हातात — लिहिता येतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, लिहा, जेवा — आणि सातव्या रकान्यात, कार्डावरून वहीत नावं बाईच उतरवत, त्यांच्या गोल अक्षरात तो होता. अकरा वर्षं होता. त्यानं रेघ मारली, पातळ, खालचं नाव वाचता येईल अशी. आणि वाटलं होतं तसं काही झालं नाही. बोळा फिरला नाही. बाक तिथेच, थर्मास तिथेच, आपणही तिथेच. आश्चर्य म्हणजे छातीत जागाच झाली एकदम, कुणीतरी सामान हलवल्यासारखी. पेन्सिल टेकवून तो आता शेजारी नवं नाव लिहायला गेला.

आणि थांबला.

बाई त्याला जावईबापू म्हणतात. डॉक्टर जावई म्हणतो. पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं, हा बाईंचा जावई, आणि आपण मान हलवली होती, आणि मग त्याच्याकडून चहा घेतला होता, अर्धा, अर्धा, अख्खा मोसम अर्धा. त्याला माझे स्क्रू पाठ आहेत. कुठला तिरका बसलाय ते माहीत आहे.

मैदानावर बॅटचा आवाज झाला. चांगला, भरीव आवाज. सगळे उठले, बाईसुद्धा काहीतरी ओरडल्या, डॉक्टर जड पावलांनी धावायला लागला. तो एकटा बसून होता, कोऱ्या रकान्यावर पेन्सिल धरून, चेंडू कुठे गेला हे न बघता. त्याला फक्त हे सगळं संपून तो उंच माणूस परत या बाकाकडे यायला हवा होता, म्हणजे विचारता येईल, काय रे, तुझं नाव काय — आणि हे विचारायची इतकी ओढ, इतकी लाज, आणि या दोन्हींच्या खाली हे जे काही शांत, ऊबदार साचत चाललंय...