उतारापुरतं काँक्रीट

नर्सबाईंच्या घराचा पाया आणि खालची स्लॅब एकदमच भरायची होती. मधे पातळ, कडेने खोल चर, सगळं एकजीव. अशा कामात अंदाज चुकला की खेळ खलास. पुन्हा गाडी मागवेपर्यंत पहिलं काँक्रीट आवळतं आणि तिथे जन्माचा सांधा राहतो. म्हणून गवंड्याने आधी अख्खी स्लॅब मोजली, मग कडेचा चर, तोही स्लॅबच्या खालचा तेवढाच. कोपरे एकदाच धरले. "एकाच माणसाला दोन पंगतींत वाढू नये," असं तो म्हणायचा. वर सांडलवंडीसाठी थोडं जास्त सांगितलं.

त्या जास्तीवर त्याचा डोळा होता. शेजारच्या घरात त्याची ताई राहायची. दाजींचे पाय गेल्यापासून ते चाकाच्या खुर्चीत आणि दारात तीन उंच पायऱ्या. वर्षभर उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. "उरलं तर खुशाल न्या," असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. गवंड्याने पायऱ्यांवर उतारासाठी फळ्याही ठोकून ठेवल्या.

गाडी आली. काँक्रीट घरंगळत चरात उतरू लागलं. दाजी आपल्या दारातून, वरून, सगळं बघत होते.

"काय मेहुणे, माझ्या वाट्याचं सांडू नकोस हं!"

"तुमचं पान आधीच मांडलंय, दाजी!"

अर्धी स्लॅब झाली तेवढ्यात दाजी ओरडले, "थांबव, थांबव! मागच्या कोपऱ्यात चराची कड बसली!"

खाली उभ्या माणसांना ते फळीआड दिसत नव्हतं. गवंडी धावला. चरात मातीचा ढीग पडला होता. तो उपसला तर चर जवळजवळ दुप्पट रुंद झाला. गवंडी फावडं टेकून उभा राहिला. स्लॅब पुरी होईल, पण उरणार काही नाही. त्याची नजर स्लॅबच्या उंचीसाठी बांधलेल्या दोरीवर गेली. ती बोटभर खाली घेतली तर? कुणाला कळतंय?

"मेहुणे," दाजी दारातून म्हणाले, "दोरी आहे तिथेच राहू दे."

स्लॅब दोरीला भिडली, तेव्हा गाडीत खरवडायलाही काही नव्हतं.

ताई बाहेर आली, उताराच्या कोरड्या फळ्या बघून नवऱ्यावर करवादली, "जरा जीभ आवरली असती, तर चार दिवसांत बाहेर पडला असतात!"

"आणि उद्या भिंत तडकली, की नर्सबाई माझ्या नावाने खडे फोडणार. इंजेक्शन त्याच देतात मला, विसरलीस?"

ताईला हसू आवरेना. गवंड्याला मात्र हसता येईना. त्याने हात धुतले, पायऱ्या चढून वर गेला आणि दाजींसमोर पाठ करून बसला.

"चला."

"कुठे?"

"कोपरा बघायला. तुम्ही पास केल्याशिवाय मी काम झालं म्हणणार नाही."

"अरे, पाठ मोडेल तुझी."

"तुमच्या वजनाचा अंदाज आहे मला."

"तुझे अंदाज! आत्ताच बघितला एक," दाजी म्हणाले. पण तोवर त्यांचे दोन्ही हात मेहुण्याच्या गळ्याभोवती घट्ट पडले होते.