लाभ, दोन, तीन

ठण्, ठण्, ठण्… मग जरा थांबायचं, आणि पुन्हा ठण्. मी ऐकलेला हा पहिला आवाज. नाशकात तांबटांच्या आळीत एक कारागीर मला लाकडी ठोकळ्यावर उपडा घालून ठोकत होता. मला वाटलं, हा माणूस मला मारतोय. पुष्कळ दिवसांनी कळलं, की तो मला पोट देत होता.

मी चिपटं बोलतोय. धान्य मोजायचं पितळी चिपटं. आजच्या मुलांना माझं नाव ठाऊक नाही, त्यात त्यांचा काही दोष नाही. चार चिपटी म्हणजे एक शेर, आणि चार शेर म्हणजे एक पायली. मापांच्या घरात मी धाकट्यांपैकी. पाच वर्षांच्या पोरीच्या दोन्ही हातांत मावेन, एवढाच.

मला मखमलाबादच्या एका माळकरी शेतकऱ्यानं विकत घेतलं. त्याचा मुलगा मोतीराम तेव्हा पाळण्यात होता. आम्ही दोघे बरोबरीचे, म्हणून मी त्याला अरेतुरे करतो. बाकी सगळं घर त्याला अण्णा म्हणतं.

घरी आलो त्याच दिवशी मोतीरामच्या बापानं माझ्यात बाजरी भरली, वरून तळहात फिरवून सपाट केली आणि टोपलीत ओतताना म्हणाला, "लाभ!" मग म्हणाला दोन. मग तीन. एक म्हणालाच नाही.

मला वाटलं, विसरला असेल. पण तो विसरला नव्हता. धान्याच्या पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत. एक म्हणजे एकटं. दाणा घरात एकटा येऊ नये, मागून आणखी यावा, म्हणून पहिल्या मापाला लाभ म्हणायचं. मोतीराम चालायला लागला तसा खळ्यावर येऊन बसू लागला, आणि शाळेचं तोंड बघायच्या आधी लाभ, दोन, तीन शिकला. शाळा त्याची दुसरीतच सुटली. मोजणी सुटली नाही.

पुढे किलोची वजनं आली, काटे आले. बाजारात माझं काम संपलं. मग माझ्यात खिळे राहिले. काही वर्षं कोंबड्यांचा कणीकोंडा राहिला. मी काळा पडलो. सून छाया नवी नवी घरात आली तेव्हा मला हातात घेऊन म्हणाली, "अण्णा, हे भांडं मोडीत देऊ का? एखादा डबा तरी येईल."

मोतीराम बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नको."

त्याच्या बोलण्याला असाच वेळ लागतो. हो म्हणायलाही आणि नाही म्हणायलाही.

छायाला मुलगी झाली, दिशा. ती बसायला लागली आणि माझे दिवस फिरले. मोतीरामनं मला चिंच लावून घासलं. आता घरच्या वाटणीचं शेत थोडंच उरलंय. मेथी, कोथिंबीर आणि बांधाकडेला झेंडू. घरापुरता गहू मात्र तो अजून पिकवतो. दर आठवड्याला दळणाचा गहू तो माझ्यानं मोजायचा आणि दिशा समोर पोत्यावर बसून त्याच्याबरोबर म्हणायची. लाभ, दोन, तीन. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला काळ होता, असं मी म्हणेन.

मग दिशा बालवाडीत गेली, छोट्या गटात.

यंदा जानेवारीच्या शेवटी तिच्या दप्तरातून एक पिवळा कागद आला. छायानं तो फ्रिजच्या दारावर लावला आणि मोतीरामला वाचून दाखवला. पुढच्या पंधरवड्यात काय काय होणार, ते त्यात होतं. सोमवारी लाल रंगाचा दिवस. बुधवारी मुलं स्वतःच्या हातानं भेळ करणार. नंतर पानांचे ठसे. आणि शेवटच्या शुक्रवारी मोजणीचा दिवस; त्याला घरच्यांनी यायचं. खाली घरी करायचा सराव लिहिला होता. डब्याचं झाकण स्वतः उघडणं, चपलेचा पट्टा लावणं, आणि रोज पंधरा मिनिटं घरातल्या वस्तू घेऊन वीसपर्यंत मोजणी. पाठांतर नको, असंही लिहिलं होतं.

"हे चांगलंय," मोतीराम म्हणाला. "आपला तर हा सराव कधीचा चालूय."

दोन दिवसांनी डायरीत भाग्यश्री मॅडमची चिठ्ठी आली. दिशा मोजताना 'एक'च्या जागी 'लांब' म्हणते. बहुतेक तिला नीट ऐकू येत नसावं. कान तपासून घ्या.

छाया दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन नाशकात कानाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर पाठमोरे उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "कुणाला चॉकलेट हवंय?" दिशा म्हणाली, "मला. दोन."

"कान ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले.

मग लांब कुठून आलं? हे कोडं सुटलं ते माझ्यामुळं. त्या संध्याकाळी छाया कणीक मळत होती. मोतीराम दळण मोजायला बसला. माझ्यात गहू भरला, हात फिरवला आणि पिशवीत ओतला. "लाभ."

छायाचे हात कणकेतच थांबले. "अण्णा, आत्ता काय म्हणालात?"

"कधी?"

"पहिल्या मापाला."

"लाभ."

"लाभ! लांब नाय, लाभ!" छाया आधी हसली. "अहो अण्णा, मी पोरीचे कान तपासून आले!" आणि हसता हसता तिचा चेहरा उतरला. "पण शाळेत मुलं तिला लांब लांब म्हणून चिडवतात. अदिबा सांगत होती मला. मोजायची वेळ आली, की ही तोंडच उघडत नाय आता. मॅडम म्हणाल्या, मोजणीच्या दिवशी पण नाय बोलली, तर आणखी एक वर्ष छोट्याच गटात ठेवू. अदिबा पुढं जाईल, आणि ही मागं."

अदिबा म्हणजे दिशाची जिवाभावाची मैत्रीण. डब्यातलं लोणचंही दोघी चाटून वाटून खातात.

मोतीराम माझ्या काठावरून अंगठा फिरवत बसला. मग म्हणाला, "मॅडमना सांगू नको."

"अहो, दोन मिनिटांत मिटेल!"

"मी शिकवलं. मीच नीट करीन."

"त्यात चूक काय आहे तुमची?"

"म्हाताऱ्यानं पोरीला अडाण्यासारखं शिकवलं, असं त्यांनी का म्हणावं?" एवढं लांब वाक्य तो महिन्यातून एकदा बोलतो. छायानं पुन्हा कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. संध्याकाळी पाच वाजता, ओट्यावर, पोतं अंथरून. समोर गव्हाची पिशवी, एक घमेलं, दिशा आणि मी. मोतीरामनं मला भरलं, सपाट केलं, उचललं.

"ए…" म्हणाला. थांबला. घमेल्यात गहू पडला, आणि तोंडातून आलं, "लाभ."

दिशानं टाळी वाजवली. "आजोबा, चुकलं!"

पुन्हा भरलं. पुन्हा लाभ. त्या दिवशी सात वेळा लाभ झाला. मी माप आहे, मला मोजल्याशिवाय राहवत नाही.

पायऱ्या मोजताना मोतीरामला एक म्हणता यायचं. चहाचे कप मोजताना यायचं. पण मी हातात असलो आणि माझ्यात गहू असला, की त्याची जीभ आपल्या जुन्या वाटेनंच जायची. साठ-पासष्ट वर्षं तुडवलेली वाट. बाजारातून मेथी विकून आलेला त्याचा मुलगा यादव हे बघून म्हणाला, "अण्णा, तुम्हालाच बसवू का छोट्या गटात? दप्तर देतो आणून."

"तू तुझं काम कर," मोतीराम म्हणाला आणि मला पुन्हा भरलं.

त्यानं एक दिवस चुकवला नाही. पाहुणे आले तर त्यांना चहा देऊन ओट्यावर येऊन बसला. एकदा अंगात कणकण होती, तर गोधडी पांघरून बसला. सातव्या दिवशी त्याच्या तोंडून एकदाचं निघालं, "एक." थंडीचे दिवस, तरी कपाळावर घाम होता. त्यानं टोपी काढून पुसला. दिशा त्याच्याकडे टक लावून बघत राहिली, आणि मग दोनपासून वीसपर्यंत न अडखळता म्हणाली.

पण पहिलं माप ती म्हणेना.

"उद्या तू म्हण," मोतीराम म्हणायचा.

"तुम्हीच म्हणा."

"शाळेत मी येणार नाय म्हणायला."

त्यावर ती पायाच्या अंगठ्यानं पोत्याचा धागा ओढत बसायची. दहाव्या दिवशी मोतीराम पाच वेळा भरून पाचही वेळा एक म्हणाला. दिशा एकदाही नाही.

इथं मला तुम्हाला एक सांगायचंय. मी धातूचा आहे, माझं फार मनावर घेऊ नका. घरी सराव घ्या, असा कागद शाळेतून आला, की तुम्ही शिकवायला बसता. त्याच्या आधी थोडं ऐकत बसा. मूल काय म्हणतंय, कुणाचं म्हणणं म्हणतंय, ते ऐका. मी रिकामा असतो तेव्हाच माझ्यात काही मावतं.

शुक्रवार आला. मोतीरामनं पाच-सहा किलो गहू कापडी पिशवीत घेतला, वर मला ठेवलं आणि यादवच्या गाडीवर मागं बसला. छाया घमेलं घेऊन दिशाबरोबर आधीच शाळेत गेली होती.

वर्गात भिंतीला टेकून घरची माणसं बसली होती. त्या बुटक्या खुर्च्यांवर मोतीरामचे गुडघे छातीला लागत होते. आधी अदिबा उठली. तिचे अब्बा शिंपी आहेत. तिनं रंगीत बटणं टेबलावर मांडत वीसपर्यंत मोजली आणि शेवटी वाकून सलाम केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता दिशा," भाग्यश्री मॅडम म्हणाल्या.

दिशा पुढं आली. मला दोन्ही हातांनी धरून गव्हात बुडवलं, तळहात फिरवून सपाट केलं. अगदी मोतीरामसारखं. मला उचललं आणि थांबली. मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "लांब!" दोघं-तिघं फिसफिसून हसली. चार दाणे खाली पडले.

तिनं गहू घमेल्यात ओतला. काही न म्हणता. संपलं, मला वाटलं.

तिनं मला पुन्हा भरलं. "दोन," दिशा म्हणाली. मोठ्यानं. "तीन. चार." मुलं हसायची थांबली. ती वाकत होती, भरत होती, ओतत होती. दहाव्या मापाला तिला दम लागला, तर तिनं फ्रॉकला हात पुसले आणि पुढं चालू केलं. "अठरा. एकोणीस. वीस!"

टाळ्या वाजल्या. मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या. "किती छान गं! पण पहिलं माप राहिलं की म्हणायचं."

"ते आजोबांचं," दिशा म्हणाली.

सगळ्यांनी मान वळवून मोतीरामकडे बघितलं. तो खुर्चीतून उठला. त्याला त्या खुर्चीतून उठायला जरा वेळच लागला. घमेल्यातल्या गव्हाकडे बघितलं. मग घसा खाकरून, एवढ्या अनोळखी माणसांसमोर, स्वच्छ म्हणाला, "एक."

मला त्याचं कौतुक वाटलं. वाईटही वाटलं.

"नाय, आजोबा!" दिशानं मान हलवली. "गव्हाला एक नाय म्हणायचं. तुम्हाला घाम येतो."

"मग गव्हाला काय म्हणायचं?" मॅडमनी विचारलं.

"लाभ."

या वेळी तिनं ते नीट ओठ मिटून, नीट उघडून म्हटलं. शेवटचा भ साऱ्या वर्गाला ऐकू गेला.

"लाभ?" मॅडम म्हणाल्या. "लांब नव्हे?"

आता छायाला राहवलं नाही. तिनं भिंतीजवळूनच सगळं सांगितलं; पहिलं माप, एकटं धान्य, ओट्यावरचा सराव, सात वेळा झालेला लाभ. मॅडमचा चेहरा लाल झाला. "आणि मी तिचे कान तपासायला लावले!" त्या म्हणाल्या. "कान तर माझे तपासायला हवे होते. बाबा, आधी का नाही सांगितलंत?"

मोतीराम वाकून खाली पडलेले दाणे वेचू लागला.

"जूनमध्ये दिशा मोठ्या गटात," मॅडम छायाला म्हणाल्या. "त्यात आता तपासण्यासारखं काही उरलं नाही."

मग वर्गात जो गोंधळ झाला तो काय सांगू! प्रत्येकालाच मला भरायचं होतं. ज्यानं लांब म्हटलं होतं, तोच सगळ्यात पुढं. बावीस मुलांनी मला भरलं आणि प्रत्येकानं आपल्या मापाला लाभच म्हटलं. दोन म्हणायला कुणी तयारच नाही. अदिबा तर दोनदा रांगेत लागली. फरशीवर गहूच गहू झाला आणि दिशा कमरेवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होती, "वरून हात फिरवा! सांडू नका!"

मुलं डबे खायला बाहेर गेली तेव्हा मॅडमनी मला उचलून मोतीरामपुढं धरलं. "बाबा, एक विचारू? हे इथं ठेवाल का? मुलांना पाळीपाळीनं घरी सरावाला देईन. तुमच्या घरातली जुनी वस्तू आहे, नको असेल तर नको म्हणा. मला वाईट वाटणार नाही."

मोतीरामनं मला हातात घेतलं. मी वाट बघत राहिलो. नको म्हणायला त्याला किती वेळ लागतो, ते मला माहीत होतं. हो म्हणायलाही तेवढाच.

त्यानं खिशातून रुमाल काढला. माझ्या तळाशी चिकटलेला कोंडा पुसला, मग आतून पुसलं, मग काठ पुसला. खिडकीखाली एक बुटकी फळी आहे, तिच्यावर मुलांचे रंग आणि ठोकळे असतात. तिथं, मुलांचा हात पोचेल अशा बेतानं, त्यानं मला ठेवलं. जरा आत सरकवलं. मग रिकाम्या पिशवीची घडी घातली, काखेत मारली आणि दाराबाहेर चालू लागला.