चॅनलच्या नॉबवरचं रबर

चौकशी अधिकाऱ्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि डिझायनरबाईंनी तो लगेच ओळखला. तो त्यांनीच काढला होता. अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममधला, त्यांनीच डिझाइन केलेला नवा रेडिओ सेट, आणि त्यावर शेजारी शेजारी दोन नॉब, डावीकडे चॅनलचा, उजवीकडे आवाजाचा. दोन्ही एकसारखे, गुळगुळीत. त्या जुळ्यांचं बाईंना कोण कौतुक! ते गडबडीत वापरायचे कुणाला, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"रबर होतं, साहेब," मावशी म्हणाल्या. बावीस वर्षं त्या ऑपरेटरची खुर्ची सांभाळत होत्या; सगळं दल त्यांना मावशीच म्हणायचं. "भाजीच्या जुडीला असतं ना, ते. चॅनलच्या नॉबवर मीच गुंडाळलं होतं. माझे डोळे नकाशावर, उजवा हात लिहिण्यात. डाव्या हाताला रबर लागलं की तो नॉब सोडायचा, पुढचा धरायचा. आगीच्या दिवशी पहिलाच गुळगुळीत लागला. मला वाटलं, हाच आवाजाचा."

"हा फोटो आगीच्या आदल्या दिवशीचा आहे. दाखवा रबर," अधिकारी म्हणाले.

मावशी चष्मा सावरून वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. "आदल्या दिवशी मला सुट्टी होती. पण होतं हो... की आता मलाच काहीबाही आठवतंय?"

गोदामाच्या आगीत आत अडकलेल्या जवानाचा आवाज रेडिओवर बारीक येत होता. तो वाढवायला मावशींनी नॉब फिरवला आणि चॅनलच बदलला. दीड मिनिट तो जवान हाका मारत राहिला आणि कंट्रोल रूममध्ये कुणालाही काही ऐकू आलं नाही. तो मावशींचा जावई होता. जीव वाचला, पण दोन्ही पाय भाजले. लेकीनं त्या दिवसापासून आईशी बोलणं टाकलं, त्याला आज नऊ दिवस झाले.

"सही करा," अधिकारी म्हणाले. कागदावर 'ऑपरेटरची चूक' असं आधीच छापलेलं होतं. खापर फोडायला डोकंही आयतंच मिळालं होतं. "निवृत्ती घ्या, प्रकरण इथंच मिटवू."

डिझायनरबाईंचा तळहात समोरच्या डायरीवर घट्ट दाबलेला होता. त्यांचा सेट पुढच्या महिन्यात चाळीस केंद्रांवर बसणार होता. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. तळव्याखाली डायरीला बांधलेलं लाल रबर मात्र टोचत होतं. फोटो काढताना "काय हे गबाळं!" म्हणत त्यांनी ते नॉबवरून ओढलं होतं आणि हाताशी होती म्हणून डायरीला अडकवलं होतं. दहा दिवस रोज काढत-घालत होत्या. आत्ता, या खोलीत, ते काय होतं हे त्यांना कळलं होतं.

मावशींनी पेन उचललं. टोक कागदाला टेकलं.

"थांबा!" बाई जवळजवळ ओरडल्याच. रबर काढून त्यांनी फोटोवर ठेवलं. "मावशी खरं बोलतायत. हे मी काढलं. फोटोत बरं दिसत नव्हतं म्हणून. कुणाला सांगितलंही नाही. आणि मुळात दोन नॉब सारखे करायलाच नको होते."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "मॅडम, हे मी लिहून घेतलं तर चाळीस केंद्रांचं काय होईल, कळतंय ना?"

"लिहून घ्या. एकाही ठिकाणी बसवू नका."

मावशी रबराकडे बघत राहिल्या. मग डावा हात मांडीवरून उचलून त्यांनी टेबलावर ठेवला, परक्याचा असावा तसा. "नऊ दिवस या हातानं साधा कप धरायची भीती वाटतेय मला. आणि हे तुझ्या डायरीला होतं?"

"मावशी, मला..."

"मला काही सांगू नकोस. लेकीला सांग. माझा फोन ती उचलत नाही, तुझ्यावरून लाव."

मावशींनी नंबर तोंडपाठ सांगितला. बाईंनी तो दाबला. रिंग वाजत राहिली. मग पलीकडून थकलेला आवाज आला, "हॅलो? कोण बोलतंय?"

"ते रबर... नॉबवरचं... फोटोसाठी..." बाईंचं सगळं एकदमच बाहेर पडायला लागलं. मावशी रागानं लाल झाल्या होत्या, तरी बावीस वर्षांची सवय. घाबरलेल्या जवानाला सांगावं तसं त्या हळूच म्हणाल्या, "सावकाश. आधी तू कोण ते सांग. मग काय झालं ते."

"मी तो रेडिओ बनवणारी," बाई म्हणाल्या. "तुमच्या आईचा हात चुकला नव्हता. तो मी चुकवला."