अड्याळात व्हिएतनामचे कोंबडे

रविवारी सकाळी दहाला मी सभागृहाचं दार उघडलं, तर पायऱ्यांवर तीस-पस्तीस माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या काखेत एक कोंबडा होता.

मला आधी भरूनच आलं. म्हटलं, तिकिटांवरचे कोंबडे पाहायला लोक आपापले कोंबडे घेऊन आलेत, काय हे प्रेम!

प्रेम कसलं! आमच्या भागात माणूस कोंबडा काखेत घेऊन सकाळी निघाला की समजावं, कोंबडबाजार आहे. पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधायची, दोन कोंबडे एकमेकांवर सोडायचे, भोवती आरडाओरडा. कायद्यानं बंदी आहे म्हणून तो जंगलाच्या कडेला भरतो. आणि मी आठवडी बाजाराच्या दिवशी माझ्या पिको-फॉलच्या दुकानाबाहेर पुठ्ठ्याच्या खपटावर लिहून टांगलं होतं: 'अड्याळात प्रथमच! व्हिएतनामचे कोंबडे! दुर्मिळ तिकिटे! रविवारी सकाळी दहा, सभागृह.' 'टपाल' हा शब्द खपटावर मावला नव्हता. मावला असता तरी मी लिहिला नसता. पाकिटावर लावायच्या तिकिटाला आम्ही तिकीटच म्हणतो.

"तिकीट कुठी भेटते वो, मंगलाबाई?" पहिल्या पायरीवरून मारोतरावांनी विचारलं. सत्तरी उलटलेले, पण कोंबड्याची पारख अख्ख्या पवनी तालुक्यात त्यांचीच. "अन् थे विदेशी कोंबडे कुठी बांधले?"

मी त्यांना आत नेलं. थर्माकोलच्या तीन फळ्या, त्यांवर प्लास्टिकच्या कप्प्यांत एक्केचाळीस तिकिटं. मारोतराव फळीवर वाकले.

"हे तं कागदं हायेत."

"हो. माझ्याहून जुने."

चार वर्षांपूर्वी पवनीचे स्तूप पाहायला आलेली एक व्हिएतनामी भिक्खुणी माझ्या दुकानात थांबली होती. चिवराची शिवण उसवली होती, मी मारून दिली. तिनं आपल्या पोथीतून एक जुनं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. त्यावर तिकीट होतं, तिकिटावर कोंबडी आणि मुगाच्या दाण्याएवढी पिल्लं. तिकीट कोमट पाण्यात सोडवायचं असतं हे मी मोबाइलवर शिकले. वाळवायचं कसं ते शिकायच्या आधीच इस्त्री फिरवली, म्हणून त्या कोंबडीची शेपूट अजून पिवळी आहे. मग तिला पत्रं गेली, तिची पत्रं आली. मी आपल्याकडची तिकिटं पाठवायची, तिकडून कोंबड्या यायच्या. ही तिकिटं छापली तेव्हा ज्या देशावर बॉम्ब पडत होते, त्या देशात कुणीतरी खाली मान घालून कोंबडीचं एकेक पीस रंगवत बसलं होतं. हे माझ्या मनातून जात नव्हतं.

आमचे हे, म्हणजे जागेश्वर, म्हणायचे, "घरी बारा कोंबड्या हायेत. त्यायले तं कधी भिंगातून पायलं नाही तू." गाव म्हणायचं, शिवता शिवता बाईचा धागा सुटला. मला कुणाचं कौतुक नको होतं. गावानं एकदा, फक्त एकदा, माझी तिकिटं नीट पाहावी एवढंच पाहिजे होतं. त्यासाठी मी सभागृह या एका सकाळपुरतं मागून घेतलं होतं.

तेवढ्यात गर्दीला वाट पडली. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष केशवराव आले. सभागृहाची एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांनीच ठाण्यात फोन केला होता, म्हणून मागे कुलदीप जमादारही होते. जमादारांनी तिन्ही फळ्या पाहिल्या, मिशीत हसले आणि म्हणाले, "यात काही गुन्हा नाही. पण कोंबडे घरी न्या बाप्पा, मले कामाले लावू नोका." ते गेले. कोंबडे काही गेले नाहीत.

केशवरावांनी मात्र खिशातून कागद काढला.

"वयनी, यावर लिवून द्या. चूक झाली, पुन्हा असं काही भरवणार नाही म्हनून. अन् हे सारं उतरवा."

"चूक कायची, भाऊ?"

"कोंबडबाजाराची जाहिरात केली तुमी! गावाची इज्जत गेली."

"कोंबडबाजार वाचणाऱ्याच्या डोक्यात होता. माह्या खपटावर नव्हता."

कुणीतरी खिदळलं. केशवरावांचे कान लाल झाले.

"पाच मिनिटं देतो. नाही तं कुलूप लावतो."

जागेश्वर माझ्या कानाशी आले. "घरी चाल वो. कायले तोंडी लागतं?"

मी भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि बसले. "लावा कुलूप, भाऊ. मी आत हाय."

त्यांना वाटलं मी उठेन. मला वाटलं ते लावणार नाहीत. आम्ही दोघंही हट्टी, म्हणून कुलूप लागलं. केशवराव पाय आपटत निघून गेले.

आत मी आणि एक्केचाळीस तिकिटं. मग खिडकीच्या गजांतून मारोतरावांचं नाक आत आलं.

"बाई, आलोच हावो तं एखादा कोंबडा दाखवा."

मी एक कप्पा काढला आणि भिंगासकट गजांपाशी धरला. मारोतरावांनी एक डोळा मिटला.

"अबब! टांगा पाहा याच्या! केळीच्या खांबावानी! पन हा लढणार नाही. छातीत भारी हाय, फिरता येनार नाही त्याले."

"मले पाहू दे ना!" मागून धक्काबुक्की सुरू झाली. एक कोंबडा सुटला, दुसऱ्यानं बांग दिली. आणि घरी चाल म्हणणारे जागेश्वरच मोठ्यानं ओरडले, "ओ! एकेक करून! रांग लावा! अन् कागदाले हात लावाचा नाही, ती चिमट्यानं धरते!"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहणं टाळलं.

रांग लागली. चार वर्षांत मला जे दिसलं नव्हतं ते या माणसांना दिसत होतं. हा तुरा आजारी कोंबड्याचा आहे. ही कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली आहे. या चित्रकाराच्या घरी कोंबड्या असल्याच पाहिजेत, त्याशिवाय मान अशी काढता येत नाही.

"हे काय लिवलं खाली?" कमलेश नावाच्या ट्रकवाल्यानं विचारलं.

"गा. तिकडे कोंबड्याला गा म्हणतात."

मग मागून आवाज आला, "काहून गा कमलेश, झालं का पाहून, गा?" आणि सगळी रांग हसून लोळली. आमच्याकडे पुरुष पुरुषाला दिवसातून शंभरदा गा म्हणतो. इतक्या वर्षांत कुणी पंख फडफडवले नव्हते, त्या दिवशी फडफडवले.

हसणं ऐकून बाया आल्या, भाजीवाल्या आल्या. साडेबाराला केशवरावही आले. रांग त्यांच्या घराच्या फाटकापर्यंत पोचली होती. त्यांनी कुलूप काढलं, दार सताड उघडलं. उन्हाचा पट्टा थेट फळ्यांवर पडला.

"झालं तेवढं पुरे, वयनी. निंघा बाहेर."

"अजून लोकं राहिले, भाऊ," मी म्हटलं. "अन् दार ओढून घ्या. उन्हानं तिकिटाचा रंग उडते."

ते उंबऱ्यात उभे राहिले. कागद अजून हातात होता, कोराच. मी खिडकीकडे वळले आणि पुढच्या बाईसाठी भिंग पुसलं. मागे दार हळूच ओढल्याचा आवाज आला. कुलूप लागल्याचा आला नाही.