थुंकलेल्या गोळ्या

अंथरूण झटकताना शोभाबाईला सासूच्या उशीखाली चार गोळ्या सापडल्या. अर्धवट विरघळलेल्या, थुंकलेल्या.

एकोणीसशे शहाऐंशी साल. सासूचा, चांगुणाबाईंचा, गर्भाशयाचा कॅन्सर पोटभर पसरला होता. आता दुखणं तेवढं कमी ठेवायचं, म्हणून गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या आणायला शोभाबाईचा नवरा भीमराज शाळेत रजा टाकून दर पंधरवड्याला संतपूरहून जायचा.

"आत्याबाई, कामून थुकायलाव? एवढ्या लांबून आणायलेत ते!"

"न्हाई खात. जा."

शोभाबाई दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी अंग पुसताना सासूचं पोट हाताला दगडासारखं लागलं. म्हातारीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"नऊ दिस झाले, परसाकडं झालं न्हाई. त्या गोळीनंच बांधलंय. भीमाला सांगू नको. लेकाला असलं काय सांगायचं?"

शोभाबाईनं सांगितलंच. भीमराज पुन्हा गुलबर्ग्याला गेला. डॉक्टरांनी मान वर न करता म्हटलं, "होतं तसं. इसबगोल द्या." इसबगोल दिलं, तर पोट आणखी फुगलं आणि उलट्या सुरू झाल्या.

शेवटी शोभाबाईनं सरकारी दवाखान्यातल्या नर्स यल्लम्माला घरी आणलं. तिनं पोट चाचपलं, हातमोजा घालून आत तपासलं, दोनदा एनिमा दिला. संध्याकाळपर्यंत म्हातारी मोकळी झाली आणि लाजेनं रडली.

"ह्या गोळीनं आतडं सुस्त पडतंय," हात धूत यल्लम्मा म्हणाली. "पयल्या दिवसापासून जुलाबाची गोळी संगं पायजे, रोज. इसबगोलला तांब्याभर पाणी लागतंय. ह्या घोटभर तरी पितात का?"

"तीन महिने चकरा मारायलोय मी," भीमराजचा आवाज चढला. "एकानं तोंड उघडलं न्हाई!"

"तुमी विचारलाव का, अण्णा?"

"काय विचारायचं ते ठाऊक असतं, तर..." तो उठून बाहेर गेला.

दोन्ही गोळ्या चालू झाल्या. चांगुणाबाई बसून आंबील पिऊ लागल्या. शोभाबाईला मात्र ते दोन अबोल दिवस आठवले की स्वतःचाच राग यायचा.

पुढच्या खेपेला भीमराजनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. "बरं," म्हणून त्यांनी पुढचा कागद ओढला.

बाहेर बाकावर एक बाई नवऱ्याला खांद्याला टेकवून बसली होती. हातात तसलीच गोळ्यांची पुडी. भीमराज तिच्यासमोर थांबला आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "अक्का, ह्यांना परसाकडं होतंय का?"

रांगेत कुणीतरी हसलं. बाईनं पदर तोंडाला लावला, आणि नकारार्थी मान हलवली.