छत्री कोण म्हणालं?

आमच्या अग्निशमन केंद्रात नोझलांनाही नावं आहेत. जुन्या, गुळगुळीत भोकाच्या नोझलला आम्ही सरळ्या म्हणतो, कारण त्याला एकच गोष्ट येते, जाड घट्ट धार लांबवर मारणं. नवीन आलं ते फिरवायचं. उजवीकडे फिरवलं की धार, डावीकडे फिरवलं की बारीक फवारा पसरतो. त्या फवाऱ्याला आम्ही छत्री म्हणतो. उघड्यावर छत्रीसारखी चीज नाही, तिच्याआड माणूस भट्टीपुढेही उभा राहील. पण बंद खोलीत छत्री उघडली की पाण्याची वाफ होते, वाफेला जायला वाट नसते आणि ती उलटून आपल्याच अंगावर येते. खोटं वाटत असेल तर माझ्या कानांना विचारा.

माझ्यामागे पाइप धरायला माझा मेहुणा असे. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला या नोकरीत मीच आणलं, पाइप खांद्यावर कसा घ्यायचा तेही मीच शिकवलं. आमच्याकडे रीत अशी, की पुढच्याची नजर आगीवर, मागच्याची बाकीच्या खोलीवर. म्हणून मागचा ओरडला की पुढच्यानं आधी ऐकायचं, मग विचारायचं. मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत होतो. धुरात नाहीतरी डोळ्यांचा उपयोग काय म्हणा.

शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत कापडाचे गठ्ठे पेटले, त्या दिवशी पाइपाला नवीन नोझल होतं. आम्ही रांगत आत गेलो. मी धार मारत होतो, आग दबत होती. तेवढ्यात छताखालून ज्वाळा आमच्या डोक्यावर सरकली आणि मागून मेहुणा ओरडला, "छत्री! छत्री!" मी नोझल फिरवलं. खिडक्या बंद होत्या. मास्कमुळे चेहरा वाचला, पण डोक्यावरचं कापडी टोपडं वाफेपुढे काय टिकणार? कान आणि मान भाजून निघाली.

संध्याकाळी घरी बायको मलम लावत होती आणि मेहुणा समोर बसून रडत होता. "भाऊजी, घाबरलो मी. तोंडातून निघून गेलं. साहेबांपुढे मी स्वतः सांगतो."

"रडतोस काय, गाढवा," मी म्हटलं. "तिथे पाणी कमी पडलं का?"

बायको हसली. मला वाटलं, विषय मिटला.

मग साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर दोन्ही नोझलं मांडलेली. आग विझवायला आत शिरताना पाइपाला कोणतं लावायचं, ते ठरवायचं होतं. नवीन नोझल साहेबांनी स्वतः निवडून आणलेलं. नव्या जावयाकडे बघावं तसे ते त्याच्याकडे कौतुकानं बघत होते.

"हे दोन्ही कामं करतं," साहेब म्हणाले. "धार हवी तर धार, फवारा हवा तर फवारा. मग ते जुनं कशाला?"

"म्हणूनच हवं, साहेब," मी म्हटलं. "आत काही दिसत नाही, हातात जाड मोजे, डोक्यावर आग. सरळ्याला चुकायची सोयच नाही. प्रेशरही निम्मं लागतं, पाइप हातात राहतो. आत सरळ्या, बाहेर छत्री, असं ठेवा. त्या दिवशी मागून छत्री मागितली, मी दिली आणि हे कान असे झाले."

साहेबांनी मेहुण्याकडे बघितलं. "तू म्हणालास छत्री?"

मेहुणा टेबलाकडे बघत होता. "नाही साहेब. मी काहीच बोललो नाही. भाऊजींचा हात चुकला असेल. आता वयही झालंय त्यांचं."

वय! माझ्या कानांची सालं अजून निघत होती आणि हा माझं वय काढत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो, एकदा तरी मान वर करेल म्हणून. त्यानं केली नाही. साहेबांचं काम सोपं झालं. दोष नोझलचा नव्हता, माणसाचा होता. सरळ्या बंबावरच्या पेटीत गेला, मी त्याच बंबाच्या पंपावर गेलो आणि पुढे नोझल धरायला मेहुणा आला.

घरी मी बायकोला विचारलं, "तुझ्यासमोर कबूल केलं होतं ना त्यानं?"

"केलं होतं," ती म्हणाली. "पण अहो, आता कुठे त्याचं बस्तान बसतंय. जाऊ द्या ना. पंपावर तुम्हाला धोका तरी नाही."

ती मलमाची डबी घेऊन जवळ आली. मी डबी तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच लावलं, म्हणजे निम्मं शर्टाला. भावाबहिणीनं मिळून मला पोरकं केलं असं वाटलं.

त्यानंतर एका दुपारी एका इमारतीत मधल्या मजल्यावर आग लागली. खोलीभर फर्निचर, खिडक्या घट्ट बंद. मी पंप लावला. मेहुणा पाइप घेऊन जिन्याकडे जायचा, तो वळून माझ्याकडे आला. बाकीच्यांकडे पाठ करून त्यानं नवीन नोझल काढलं.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "पेटीतला सरळ्या द्या."

"का रे? साहेबांची छत्री नको?"

"खिडक्या बंद आहेत, भाऊजी."

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. टेबलाकडे बघत मला खोटं पाडलं तेव्हाही ठाऊक होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सरळ्या दिला. पंपाचं प्रेशर नव्या नोझलसाठी चढवलेलं होतं. तेवढं सरळ्यावर सोडलं असतं, तर पाइपानं त्याला भिंतीवर आपटलं असतं. आणि मला म्हणता आलं असतं, नव्या नोझलचं प्रेशर ठेवायचा साहेबांचाच हुकूम. मोह झाला. नाही कशाला म्हणू? मग मी प्रेशर निम्म्यावर आणलं आणि तो आत असेपर्यंत काट्यावरची नजर हलवली नाही.

तो काळाठिक्कर होऊन बाहेर आला. मी आधी त्याचे कान बघितले. धड होते.

"प्रेशर अगदी बरोबर होतं, भाऊजी."

"असणारच. मागे मी होतो."

तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात साहेबांची जीप वळली. त्यानं भराभर सरळ्या काढला, माझ्या हातात कोंबला आणि नवीन नोझल पाइपाला चढवलं.

"काय, कसं चाललं आमचं नोझल?" साहेबांनी उतरता उतरता विचारलं.

"एकदम मस्त, साहेब," मेहुणा म्हणाला.

मी पुढे झालो आणि सरळ्या साहेबांच्या हातात ठेवला. त्याच्यातून अजून पाणी गळत होतं. साहेबांची बाही भिजली.

"छत्री कोण म्हणालं होतं?" मी मेहुण्याला विचारलं. "आता सांग."

त्यानं मान खाली घातली. पण इथे बघायला टेबल नव्हतं.