मापाची ओळ

आमचे हे राज्यं तयार करतात. भाषणं ठोकणारे वेगळे, मोर्चे काढणारे वेगळे. पण नवं राज्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे कागदावर लिहितात ते आमचे हे. विधिमंडळाच्या मसुदा शाखेत वरिष्ठ कारकून आहेत. एका राज्याची दोन करणारा हा माणूस घरी कांदा चिरायला दिला की बोट कापून घेतो, ते सोडा.

डोंगरापलीकडच्या भागाचं वेगळं राज्य करायचं ठरलं, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. नव्या राज्यात जाणाऱ्या गावांची यादी विधेयकाला जोडायची होती. रोज एक आमदार येऊन एखादं गाव काढायला सांगे आणि दुसरा तेच परत घालायला सांगे. शेवटी वैतागून ह्यांनी कलम बारा लिहिलं: यादीतलं कोणतंही ठिकाण तिथल्या रहिवाशांचं बहुमत घेतल्याशिवाय वगळता येणार नाही. त्या दिवशी घरी आले ते छाती फुगवूनच. "आता कोणाची टाप आहे बघू," म्हणाले.

इथे मसुदा शाखेची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिथे कुठलाही तक्ता आखला की त्यात आधी एक खोटी ओळ भरतात, रकाने पुरेसे रुंद आहेत का ते पाहायला. तिला ते मापाची ओळ म्हणतात. माप बघून झालं की ती खोडायची. आता खोटं काय लिहायचं याचा विचार करत कोण बसतो? जो तो आपल्या घरचा पत्ता लिहितो. ह्यांनीही लिहिला. ठिकाण: मागची गल्ली, पाण्याच्या टाकीजवळचं दुमजली घर. लोकसंख्या: तीन. विशेष: नळाला पाणी कमी. आणि गावं काढण्याघालण्याच्या धांदलीत खोडायचं राहून गेलं.

विधेयक म्हणे तीनदा वाचतात. पहिल्या वाचनाला सगळे ओरडले, वाचलं कोणीच नाही. मग ते समितीकडे गेलं. समितीने चहा घेतला. दुसऱ्या वाचनाला एकेका कलमावर चर्चा झाली आणि एका आमदारबाईंनी यादीवर बोट ठेवून डोळ्यांत पाणी आणलं. "नळाला धड पाणी नसलेल्या या चिमुकल्या वस्तीला आपण किती दिवस वाऱ्यावर सोडणार?" दोन्हीकडची बाकं वाजली. हे तेव्हा अधिकाऱ्यांच्या सज्जात बसले होते. संध्याकाळी मला म्हणाले, "एक वस्ती आहे बिचारी. फार हाल आहेत गं तिथे." यादी एकमताने मंजूर झाली. आता फक्त तिसरं वाचन, म्हणजे शेवटचं मतदान, उरलं होतं.

घोळ पकडला तो सासूबाईंनी. वय एक्याऐंशी, पण वर्तमानपत्र वाचतात ते भिंग लावून, अगदी निविदा सूचनांसकट. चारशे तेरा नावांची यादी छापून आली तीही त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"अगं, आपलं घर गेलं," त्या म्हणाल्या.

"कुठे गेलं?"

"डोंगरापलीकडे."

ह्यांनी भिंग हिसकावून घेतलं, ओळ वाचली आणि विधेयकाची प्रत शोधायला धावले. कारण कलम एकोणीसही ह्यांचंच: ज्या कर्मचाऱ्याचं घर ज्या राज्यात, त्याची नोकरी त्या राज्यात. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. ओळ तशीच राहिली तर ती चार वर्षं नव्या राजधानीत काढायची, इथून बसने बारा तासांवर. मी ह्यांना दोन दिवस नुसती बोलत होते. चुकलेच होते ते! ह्यांच्या साहेबांनी तर हातच वर केले. "ओळ काढू हो, पण तुमचंच कलम बारा. रहिवाशांचं मत घ्यावं लागेल."

मंगळवारी मतनोंदणी अधिकारी आले. सोबत बंदोबस्ताला दोन पोलीस. त्यांना मी चपला काढायला लावल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, "जनसभा कुठे भरवायची?" मी दिवाणावरचे वाळलेले कपडे उचलले. मग त्यांनी आम्हा तिघांसमोर उभं राहून, तीन हजार लोक असल्यासारखं, जाहीर निवेदन वाचलं.

"हे ठिकाण यादीतून वगळावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा."

ह्यांचा हात ताडकन वर गेला. मीही उचलणारच होते. तीनांत दोन झाले की सुटलो.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "मला बोलायचंय."

अधिकाऱ्यांनी वही उघडली. "बोला, आजी."

"माझं माहेर डोंगरापलीकडचं. एकोणीस वर्षांची असताना लग्न लावून मला इकडे आणलं. तेव्हा कोणी असं वही घेऊन विचारायला आलं नव्हतं. आता विचारताय तर सांगते. मला तिकडचीच राहू द्या."

"अगं आई, तू कुठेही जाणार नाहीयेस!" हे ओरडले. "घर इथेच राहणार. जाणार मी!"

"मग जा की."

"बारा तास, आई! मला बस लागते!"

"मलाही लागली होती," सासूबाई म्हणाल्या. "पाचदा उलटी झाली. कोणी बस मागे फिरवली का?"

अधिकाऱ्यांनी एक विरुद्ध एक लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. हेही माझ्याकडे पाहायला लागले, अगदी केविलवाणे. सासूबाईंशी माझं तीस वर्षांत मिठाच्या चिमटीवरूनसुद्धा जमलेलं नाही. आणि माझं माहेर त्या दोन्ही राज्यांत नाही. पण मला आठवलं माझं लग्न ठरलं तो दिवस. वडिलांनी होकार दिला. मी चहा दिला.

"ताई, तुमचं मत?" अधिकारी म्हणाले.

"असं नाही. सगळं पहिल्यापासून विचारा. मोठ्याने."

ते पुन्हा उभे राहिले, घसा साफ केला आणि अख्खा प्रश्न मला एकटीला विचारला. फार बरं वाटलं मला.

"वगळू नका," मी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी आकडा लिहून वही मिटली. सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"चल गं," त्या मला म्हणाल्या, "त्याची बॅग भरायला घेऊ."